समुद्रावरचा टोलनाका : कान्होजी आंग्रे यांची गोष्ट

जे हा भाग ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांना आधीच सांगतो, बोललोय तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त मधले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत.

आजच्या विषयाचं निमित्त एका ऐकणाऱ्याचा प्रश्न. तो चीनच्या झेंग चेंगगोंगवरचा एक व्हिडिओ बघून आला होता. युरोपीय लोक त्याला कोक्सिंगा म्हणायचे. बाप समुद्रावरचा व्यापारी आणि चाचा, मग मिंग बादशहाचा आरमारप्रमुख. मांचू लोकांनी चीन घेतला तेव्हा बाप त्यांना जाऊन मिळाला, पोरगा नाही मिळाला. पोरानं जहाजं घेतली, लढत राहिला आणि १६६२ मध्ये डचांकडून तैवानचा किल्ला घेऊन तिथं स्वतःचं राज्य थाटलं. तर प्रश्न असा होता की आरमाराचा माणूस पुढं राजकारणी झाला, सत्ताधारी झाला, असा कोणी आपल्याकडं आहे का?

आहे ना! आणि मूळचा आपल्या पुणे जिल्ह्यातला.

आता वरवंडात बसून समुद्राबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच. आपल्याकडं पाणी म्हणजे व्हिक्टोरिया तलाव आणि कॅनॉलचं आवर्तन. पण आंग्र्यांचं घराणंही असंच घाटावरचं. मूळ आडनाव संकपाळ. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातली आंगरवाडी हे त्यांचं गाव, त्यावरून आंग्रे. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत सुवर्णदुर्गावर होते. सुवर्णदुर्ग म्हणजे दापोलीजवळ हर्णैच्या समोर पाण्यात उभा आहे तो. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा धरतात. त्यामुळं पोराचं बालपण समुद्रकाठी गेलं.

पुढचा काळ तुम्हाला माहितीये. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबानं मारलं. राजाराम महाराज जिंजीला गेले. इकडं रायगड पडला, कोकणातले किल्ले एकेक करून जाऊ लागले, जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या बाजूनं किनारपट्टी चेपत होता. सुवर्णदुर्गाची एक गोष्ट सांगतात. किल्लेदार फितूर व्हायच्या बेतात होता, तेव्हा तरुण कान्होजींनी त्याला पकडलं आणि किल्ला स्वतः लढवला. गोष्टीतला मीठमसाला किती ते सोडा. सुवर्णदुर्ग हातात राहिला आणि कान्होजींचं नाव झालं, हे खरं.

१६९८ मध्ये आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारले आणि त्यांच्या जागी कान्होजी आले. पद सरखेल. सरखेल म्हणजे आजच्या भाषेत ॲडमिरल. पण इथं एक फरक आहे आणि तो नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आजच्या ॲडमिरलला पगार येतो, जहाजं सरकार देतं, इंधन सरकार देतं. कान्होजींच्या मागं सरकार होतं कुठं? राजा जिंजीहून नुकताच परत आलेला, दोन वर्षांत तो वारला, मग ताराबाई औरंगजेबाशी लढतायत, तिजोरी रिकामी. आरमाराला दारूगोळा, सुतार, खलाशी, सागवान, सगळं लागतं. तो पैसा आणायचा कुठून?

उत्तर होतं दस्तक.

आपण वरवंडवरून सोलापूरकडं निघालो की थोड्याच वेळात पाटसचा टोलनाका येतो. फास्टॅग स्कॅन झाला की गेट उघडतं. नसेल तर जास्त भरा. दस्तक म्हणजे साधारण तोच प्रकार, पण समुद्रावर. मुंबईच्या खालचा कोकण किनारा आमच्या राज्याचा, त्या पाण्यातनं व्यापारी जहाज न्यायचं तर आमचा परवाना घ्या, जकात भरा, मग तुमच्या संरक्षणाची जबाबदारी आमची. परवाना नसेल तर जहाज जप्त. ही पद्धत कान्होजींनी शोधलेली नाही बरं का. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते, त्याला कार्ताझ म्हणायचे. इंग्रजही स्वतःचे पास द्यायचे. म्हणजे नाके सगळ्यांचेच होते. कान्होजींनी टाकल्यावर मात्र इंग्रजांच्या कागदपत्रांत ते 'पायरट' झाले, चाचे झाले.

भांडणाचं मूळ झेंड्यात होतं. हिंदुस्थानी व्यापारी आपला माल इंग्रज जहाजावर चढवायचे किंवा स्वतःच्या जहाजावर इंग्रज निशाण लावायचे आणि जकात चुकवायचे. दुसऱ्याचा फास्टॅग लावून जाण्यासारखं. कान्होजी म्हणायचे, कंपनीचं जहाज असेल तर ठीक, पण हे चालणार नाही. कंपनी म्हणायची, आमच्या निशाणाला हात लावायचा नाही.

१७१२ मध्ये हे प्रकरण पेटलं. मुंबईच्या गव्हर्नरची अल्जेरीन नावाची सशस्त्र बोट कारवारहून मुंबईला येत होती. कान्होजींच्या जहाजांनी तिला गाठलं. तिच्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाउन होता, तो लढाईत मारला गेला. त्याची बायको कॅथरीन, अगदी कोवळ्या वयाची, पहिला नवरा आधीच वारलेला, ती कैदेत सापडली आणि तिला कुलाबा किल्ल्यात ठेवलं. तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला १७१३ च्या सुरुवातीला सोडलं. त्याच वेळी इंग्रजांशी तह झाला. त्यात एक कलम असं होतं की कंपनीनं इंग्रज निशाण फक्त इंग्रज जहाजांनाच वापरू द्यायचं. म्हणजे वाद मुळात कशावर होता ते या कलमातच दिसतं.

आता मी कान्होजींना देव करत नाहीये. खंडणीसाठी माणसं धरून ठेवणं हे आजच्या मापानं वाईटच, आणि त्या पोरीला त्या किल्ल्यात काय वाटलं असेल ते तिचं तिलाच माहीत. नुसत्या संशयावरून पकडलेली जहाजंही होती. पण 'चाचा' या शब्दाचा अर्थ, कुठल्याच राज्याशी बांधील नसलेला लुटारू. आणि हा माणूस परवाने देतोय, तह करतोय, एका छत्रपतीची सनद घेऊन बसलाय. ती व्याख्या त्याला लागू पडत नाही.

बरं, त्यांची जहाजं कसली होती? मोठी अजस्र वगैरे नाही. गुराब आणि गलबत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यात चालणारी, पुढच्या टोकाला तोफा. गलबत त्याहून लहान, शिडं आणि वल्ही दोन्ही. इंग्रजांच्या जहाजांच्या तोफा दोन्ही बाजूंना ओळीनं असायच्या, मागं फारशा नाहीत. वारा पडला की ते मोठं जहाज जागच्या जागी लोंबकळत राहायचं, त्याला वळताच यायचं नाही. तेव्हा गलबतं वल्ही मारत यायची, गुराबांना दोरानं ओढत आणायची, आणि सगळी मिळून मागच्या बाजूनं मारा करायची. डोलकाठी पाडली की जवळ जाऊन वर चढायचं. उलट वारा जोरात असला आणि इंग्रज जहाज जोरात असलं, तर सरळ खाडीत पळायचं. खाडी उथळ, मोठ्या जहाजाचा तळ टेकणार, ते मागं येणारच नाही. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला हे फार आवडतं. मोठ्या सिस्टीमची ताकद जिथं आहे तिथं जायचंच नाही, जिथं ती आंधळी आहे तिथूनच आत शिरायचं.

पण मला आज लढाया सांगायच्या नाहीत. लढायांचे रील्स ढिगानं आहेत. मला १७१३ सांगायचंय. कारण त्या वर्षी आरमारवाला राजकारणी झाला.

परिस्थिती अशी. १७०७ मध्ये औरंगजेब मेला. मोगलांनी शाहूंना सोडलं. आता मराठ्यांचे दोन दावेदार. साताऱ्याला शाहू, तिकडं पन्हाळा-कोल्हापूरला ताराबाई. सरदारांना निवड करायची होती. बरेच जण शाहूंकडं गेले. कान्होजी ताराबाईंच्या बाजूनं राहिले. शाहूंची गादी तेव्हा डळमळीत होती. खुद्द त्यांचा सेनापती चंद्रसेन जाधव १७११ मध्ये सोडून गेला होता. मग शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवलं. काय झालं? कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं, लोहगड घेतला, आणि आता ते साताऱ्यावर येणार अशी आवई उठली.

जरा थांबून चित्र बघा. समुद्रावरचा माणूस घाट चढून वर आलाय. राज्याचा पंतप्रधान त्याच्या कैदेत आहे. समोरच्या राजाकडं पाठवायला फौज नाही. इतिहासात अशा वेळी माणसं काय करतात? गादीकडं चालू लागतात.

शाहूंनी तेव्हा एक माणूस पुढं केला. बाळाजी विश्वनाथ भट. मूळचा श्रीवर्धनचा, सिद्दीच्या जाचानं घाटावर आलेला, कोकणाची खडानखडा माहिती असलेला. कान्होजींशी बोलायला जायचं तर नुसता कारकून चालणार नव्हता, म्हणून आधी त्याला पेशवा केलं. नोव्हेंबर १७१३, मुक्काम मांजरी. हो, आपलीच मांजरी. वरवंडहून पुण्याला जाताना हडपसरच्या अलीकडं जिच्या फाट्यावर आपण ट्रॅफिकमध्ये अडकतो, ती. भट घराण्याची पेशवाई शनिवारवाड्यात सुरू झाली असं बऱ्याच जणांना वाटतं. ती मांजरीच्या छावणीत सुरू झाली, आणि तिचं पहिलं काम होतं कान्होजी आंग्रे यांची समजूत काढणं.

बोलणी लोणावळ्याच्या बाजूला झाली. बाळाजींनी मुद्दा काय मांडला असेल, याचा अंदाज तहातल्या देवघेवीवरून बांधता येतो. कान्होजींनी बहिरोपंतांना सोडायचं, कोल्हापूरचा पक्ष सोडायचा, शाहूंना छत्रपती मानायचं, घाटावरचे घेतलेले किल्ले परत द्यायचे. बदल्यात सरखेली कायम, किनाऱ्यावरचे दहा किल्ले आणि सोळा लहान गढ्या-ठाणी उत्पन्नासकट त्यांची, आणि सिद्दीविरुद्ध साताऱ्याची मदत.

आता यात कान्होजींचं शहाणपण बघा. घाटावर त्यांना काय मिळालं असतं? एक न संपणारं भांडण. त्यांची ताकद पाण्यात होती. जमिनीवर आपण कुणाच्या तरी दयेवर राहू, हे त्यांना कळलं असणार. आणि ज्या बाजूला ते होते तिथं पुढच्याच वर्षी कोल्हापुरात ताराबाईंना बाजूला करून राजसबाईंच्या मुलाला गादीवर बसवलं. काही जण याला ताराबाईंशी गद्दारी म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण म्हणणाऱ्यांना मी खोटंही म्हणणार नाही. सहा-सात वर्षांची निष्ठा एका मुक्कामात बदलली हे तर खरंच आहे. फक्त ती पैशाला विकली गेली नव्हती. तिच्या बदल्यात एक व्यवस्था मिळाली.

तिथून पुढं कान्होजी हे राज्य चालवणारे गृहस्थ. कुलाबा ही त्यांची राजधानी, वसुली, न्यायनिवाडा, परराष्ट्र व्यवहार, सगळं तिथून. अलिबागी रुपया म्हणून आंग्र्यांच्या राज्याचं नाणंही चालायचं.

आणि या तहाचा उपयोग आठ वर्षांनी दिसला. १७१५ मध्ये मुंबईला चार्ल्स बून गव्हर्नर आला. त्यानं दोन कामं हाती घेतली. एक, मुंबईच्या कोटाची भिंत पुरी केली. तिला तीन दरवाजे, त्यातला एक चर्चकडचा. चर्चगेट स्टेशनचं नाव त्या दरवाजावरून आलंय. भिंतीमागं कान्होजींची धास्ती हे एक मोठं कारण होतं. दुसरं काम म्हणजे आंग्र्यांचे किल्ले घेणं. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला, फसला. १७२० मध्ये विजयदुर्गावर, त्यासाठी 'फ्राम' नावाचा तरंगता तोफखाना खास बांधून आणला, तोही फसला.

दोन्हींच्या मधे मुंबईत एक प्रकार घडला, तो मला कान्होजींच्या सगळ्या लढायांपेक्षा जास्त लक्षात राहिलाय. रामा कामती नावाचे एक मोठे सारस्वत व्यापारी होते. वाळकेश्वरचं देऊळ त्यांनीच १७१५ मध्ये पुन्हा उभारलेलं. कंपनीचे जुने विश्वासू. मोहिमा फसत गेल्या तसा प्रश्न उठला, आतून बातम्या कोण देतंय? बूननं रामा कामतींवर बोट ठेवलं. कान्होजींशी पत्रव्यवहार केल्याचा आरोप. पुरावा म्हणून एक पत्र. त्यांच्या माणसाचा अंगठा पिळून त्याच्याकडून हवं ते वदवून घेतलं. जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त. १७२८ मध्ये ते तुरुंगातच वारले. आणि पुढं निष्पन्न झालं की ते पत्र बनावट होतं. तेव्हा स्क्रीनशॉट नव्हते, खोट्या मोहरेचं पत्र होतं. एका यशस्वी शत्रूची भीती किती लांब पोचते बघा. लढाई समुद्रात आणि घर बुडालं मुंबईतल्या माणसाचं.

१७२१ च्या अखेरीस मोठा घाव आला. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज चार युद्धनौका घेऊन आला, गोव्याहून पोर्तुगीज व्हाइसरॉय जातीनं, सगळी मिळून सहा हजारांच्या आसपास फौज. लक्ष्य कुलाबा. एकट्या कान्होजींना हे जड गेलं असतं. पण साताऱ्याहून फौज उतरली, तिच्याबरोबर बाळाजींचा मुलगा बाजीराव. मराठा घोडेस्वार अंगावर आले, पोर्तुगीजांची फळी मोडली, खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत भाला घुसला. मग बाजीरावांनी पोर्तुगीजांशी वेगळा तह करून टाकला आणि इंग्रज एकटे पडले. लोणावळ्याचा कागद इथं कामाला आला. १७२४ मध्ये डच सात जहाजं घेऊन विजयदुर्गावर आले, तेही हात हलवत गेले.

त्याच वर्षी मुंबईचा नवा गव्हर्नर फिप्स यानं कान्होजींना पत्र लिहिलं, लुटालुटीवर उभं राहिलेलं राज्य टिकत नाही वगैरे. कान्होजींचं उत्तर इंग्रजांच्या दप्तरात आहे. त्याचा आशय असा की व्यापारीही काही निर्लोभी नसतात, जगाची रीतच ही, देव एकाचं काढून दुसऱ्याला देतो. आणि शिवाजी महाराजांचं राज्यही चार बादशाह्यांशी लढूनच उभं राहिलं ना? प्लासीच्या तेहतीस वर्षं आधी कंपनीच्या तोंडावर हे बोललेला माणूस आहे हा.

४ जुलै १७२९ रोजी ते गेले. तोवर एकही युरोपीय सत्ता त्यांचा मोठा किल्ला घेऊ शकली नव्हती.

इथं बहुतेक व्हिडिओ संपतात. मागं ढोल वाजतात आणि झालं. पण खरी अडचण इथूनच सुरू होते. लोणावळ्याच्या तहानं आरमार कुणाचं ठरलं? छत्रपतींचं की आंग्र्यांचं? कागदावर छत्रपतींचं, प्रत्यक्षात घराण्याचं. किल्ले, जहाजं, वसुली, सगळं वतनासारखं झालं. आणि वतन म्हटलं की भावांत वाटणी आली. आपल्या तालुक्यात पाच एकराच्या बांधावरून काय होतं ते आपण बघतो, इथं तर अख्खा किनारा होता.

थोरले सेखोजी चार वर्षांत वारले. मग संभाजी आणि मानाजी यांच्यात जुंपली. पेशव्यांनी मधे पडून वाटणी केली, मानाजींना कुलाबा, संभाजींना विजयदुर्ग. मिटवायला गेले की दुबळं करायला, यावर इतिहासकार भांडतात. मला दोन्ही वाटतं. संभाजींनंतर विजयदुर्गावर तुळाजी आले. माणूस शूर, पण बापाचा तो थांबण्याचा गुण नव्हता. पेशव्यांना जुमानायचे नाहीत, आसपासच्या सगळ्यांशी वैर. शेवटी नानासाहेब पेशव्यांनी काय केलं? इंग्रजांना बोलावलं. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, जिथं कान्होजींची सुरुवात झाली होती तोच. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एक गोळा एका जहाजावर पडला, आग लागली, जहाजं एकमेकांना बांधलेली, सगळं आरमार जळालं. घाटावरच्या बाजूनं पेशव्यांची फौज उभी होती. बाळाजी विश्वनाथांच्या नातवाची.

तुळाजींनी अपराध केले नव्हते असं नाही. त्यांना वठणीवर आणणं समजू शकतं. पण जहाजं? नवं आरमार बांधायला पिढी जाते. किल्लाही इंग्रजांनी लगेच दिला नाही, महिनोन् महिने घोळवला आणि बदल्यात बाणकोट घेतलं. आतला खजिना तर त्यांनी आधीच आपसात वाटून घेतला होता. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिले.

तो कोक्सिंगा आठवतो का सुरुवातीचा? तैवान घेतल्यावर काही महिन्यांत तो वारला, घराण्यानं पुढं राज्य केलं, भाऊबंदकी झाली आणि १६८३ मध्ये ते संपलं. संपवणारा आरमारप्रमुख शी लांग हा पूर्वी झेंग घराण्याच्याच चाकरीत होता.

विजयदुर्गाहून वॉटसन आणि क्लाइव्ह निघाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला बंगालमध्ये पोचले. पुढचं वर्ष १७५७, प्लासी.

स्वतंत्र भारताच्या नौदलानं १९५१ मध्ये मुंबईतल्या आपल्या तळाला आय.एन.एस. आंग्रे हे नाव दिलं. तिथं आपल्याला सहज जाता येणार नाही, पण अलिबागला जाता येतं. गावात कान्होजींची समाधी आहे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला बोट लागते. निघायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर बघून ठेवा. आम्ही घाटावरची माणसं हे हमखास विसरतो, आणि मग आतच अडकून पडायची वेळ येते. भेटू पुढच्या भागात.